मागच्या पंख्याची दिशा

प्रिय धाकट्यास,

थोरल्या बहिणीचे भरभरून आशीर्वाद. आम्ही दोघे वयाला शोभेल इतपत ठणठणीत आहोत. तुझा गुडघा कसा आहे, झोप लागते का, आणि एकट्यासाठी तू नीट स्वयंपाक करतोस की ओट्याशी उभ्याउभ्या पाव खाऊन वेळ मारून नेतोस, हे सविस्तर कळावे अशी इच्छा आहे. फोनवर विचारण्यात अर्थ नाही. माझी भावजय गेल्यापासून तुझा फोन म्हणजे "बरा आहे, जेवलो, ठेवतो" एवढाच असतो, आणि त्यातले पहिले दोन भाग खरे मानायला मला कोणताही आधार सापडत नाही. (तिसरा तेवढा तू तत्काळ खरा करून दाखवतोस.) पत्राचा फायदा असा, की माझे म्हणणे पुरे होण्याआधी तुला 'ठेवतो' म्हणता येत नाही.

प्रथम मुद्द्याचे. त्या संध्याकाळी आपण रोजच्यासारखे संगणकावरच्या खेळातल्या जहाजावर होतो. तू तुझ्या घरून सुकाणूवर, मी माझ्या घरून शिडांच्या दोरापाशी. वारा पडला होता, समोर सूर्य बुडत होता, आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच तू आपणहून तिच्याबद्दल बोलू लागलास. "अक्का, दवाखान्यातून तिला शेवटचं घरी आणलं ना, तेव्हा ती मला म्हणाली..." इथपर्यंत मी ऐकले. पुढचा शब्द येण्याआधी माझा पडदा काळा झाला. लॅपटॉप पुन्हा सुरू होईपर्यंत तू निघून गेला होतास आणि मागे निरोप होता: "राहू दे अक्का. तुलाही कंटाळा येत असेल. आता एकटाच चालवतो जहाज." या निरोपातले मधले विधान धादांत खोटे आहे, आणि ते खोडून काढण्यासाठी हे पत्र आहे. संभाषण मी तोडले नाही. लॅपटॉपने तोडले. ही दोन विधाने एकच आहेत असे मानणे ही चूक माझ्या वर्गातल्या शेवटच्या बाकावरच्या मुलानेही केली नसती. तू तर माझा भाऊ आहेस.

पुरावा देते. तो लॅपटॉप मी तर्कशास्त्राच्या प्रश्नपत्रिका टंकण्यासाठी घेतला होता. 'खालीलपैकी कोणतेही चार सोडवा' याहून जड असे त्याने आयुष्यात काही उचलले नव्हते. त्याच्यावर तू अख्खा समुद्र लादलास, वर त्या समुद्राच्या प्रत्येक लाटेवर मावळतीचे सोने वेगळे चमकले पाहिजे असा त्या खेळाचा आग्रह. बिचारा तापला. त्याच्या पाठीला हात लावला तर चटका बसला. जास्त तापले की जळून जाण्याऐवजी स्वतःला बंद करायचे, अशी या यंत्रांना शिकवण असते. (माणसांनाही असते असे तुझ्याकडे पाहून वाटते.) तेव्हा मी ठरवले, की त्या सूर्यास्ताला पुरून उरेल असा संगणक एकेक भाग निवडून जुळवायचा, आणि तुझे वाक्य पुरे ऐकायचे.

आता आपल्या घरची रीत तुला ठाऊक आहे. कोणीतरी विरोधी बाजू मांडल्याशिवाय आपण साधी बादलीसुद्धा घेत नाही. ही बाजू आजवर तू मांडत आलास. तू नसल्याने मी ती तुझ्या भावजींकडे सोपवली, आणि इथेच सगळे घसरले. ज्याचा उभा जन्म लोकांची वाद्ये सुरात लावून देण्यात गेला, त्याला विरोध कसा जमावा? मी म्हटले, "स्वस्तातला प्रोसेसर पुरेल असं म्हणा." ते म्हणाले, "पुरेल." मी तीन कारणे देऊन ते खोडून काढले. ते म्हणाले, "मग नाही पुरणार." अशा वादात जिंकूनही तोंडाला चव येत नाही.

दुकान अरुंद, छतापर्यंत खोकी रचलेली. दुकानदार कानामागे पेन्सिलसारखा स्क्रूड्रायव्हर खोचून बसलेला. त्याने पहिलाच प्रश्न विचारला, "बोला आजी, नातू कुठला गेम खेळतो?" मी म्हटले, नातू नाही, मी खेळते, भावाबरोबर जहाज चालवते. तो जरा गोंधळला. "म्हणजे... तेही तुमच्याच वयाचे?" मी सांगितले, तो माझ्याहून लहान आहे. "हां, मग ठीक आहे," असे म्हणून त्याने सुटकेचा निःश्वास सोडला. (त्याने तुला पाहिलेले नाही.)

माणूस वाईट नव्हता, पण त्याच्या विधानांना कडा नव्हत्या. खेळाची चित्रे रंगवणारे निवडलेले ग्राफिक्स कार्ड निवडलेल्या कॅबिनेटपेक्षा, म्हणजे सगळे भाग बसतात त्या पेटीपेक्षा, बोटभर लांब आहे हे मी पर्समधल्या टेपने दाखवून दिले, तर म्हणतो, "बसेल हो, थोडं तिरकं घालू." तिरके घालणे म्हणजे बसणे नव्हे, मी मोठे कॅबिनेट घेतले. मग गार ठेवण्याचा प्रश्न आला. त्याने पाण्यावर चालणारा कूलर पुढे केला: नळ्यांतून पाणी खेळते, प्रोसेसरची उष्णता उचलून बाहेर नेते, दिसायलाही देखणे. मी विचारले, गळले तर? "नाही गळत." कधीच? "सहसा." मी त्याला शांतपणे समजावले, की 'सहसा' आणि 'कधीच नाही' यांच्या बरोबर मध्ये माझे ग्राफिक्स कार्ड बसणार आहे. तुझ्या भावजींनी कूलरच्या चालू पंपाला कान लावला आणि "आत कोणीतरी गुळण्या करतंय" एवढेच म्हटले. दोन स्वतंत्र मार्गांनी आम्ही एकाच निष्कर्षाला पोचलो आणि हवेवरचा कूलर घेतला: धातूच्या पातळ पत्र्यांचा एक मनोरा, त्याच्या पोटाला एक पंखा.

कॅबिनेटसाठी आणखी तीन पंखे लागणार होते, दोन पुढे आणि एक मागे. तुझे भावजी इथे एकदम जागे झाले. त्यांनी एकेक पंखा चालू करायला लावला, डोळे मिटले, मान हलवली, परत केला. काउंटरवर पंख्यांचा ढीग झाला. मागे रांग लागली. "काका, पंखे आहेत हो हे, बासऱ्या नाहीत," दुकानदार काकुळतीला आला. "म्हणूनच निवडून घ्यायला हवेत," हे म्हणाले. "बासरी वाजवणारा मधेमधे थांबतो तरी." अखेर तीन पंखे एका सुरात मिळाले आणि रांगेतल्या एका बाईंनी चक्क टाळ्या वाजवल्या.

जुळवणी जेवणाच्या टेबलावर केली. प्रोसेसर आणि कूलर यांच्यामध्ये एक लेप लावतात, म्हणजे उष्णता अडखळत नाही. तो वाटाण्याएवढा घ्यावा असे माहितीपत्रकात होते. ओला वाटाणा की सुका, हे नव्हते. मी दोन्ही प्रकारचे वाटाणे टेबलावर ठेवून त्यांच्या मधला आकार घेतला. बाकी सर्व पत्रकाबरहुकूम झाले आणि यंत्र पहिल्याच कळीला सुरू झाले. तेवढ्यात तुझ्या भावजींचा चेहरा आंबट झाला. पुढचे दोन पंखे सुरात होते, पण मागच्याची हवा बाहेर पडताना मागच्या जाळीवर घासत होती आणि त्याचा सूर खाली उतरत होता. त्यांनी तो काढला, उलटा करून बसवला, म्हणजे हवा आत घेणारा, आणि कान देऊन हसले. तिन्ही पंखे एका सुरात आले होते.

मी हरकत घ्यायला हवी होती. त्याऐवजी मी त्यावर तर्काची मोहोर उठवली. यंत्राला गार हवा हवी. पंखे गार हवा आत आणतात. म्हणून जितके पंखे आत फुंकतील तितके बरे. तू समोर असतास तर पान उलटायच्या आत यातले भोक दाखवून दिले असतेस. तू नव्हतास. तुझे भावजी म्हणाले, "बरोबर."

मग मी एकटीच बंदरातून निघाले आणि आपण थांबलो होतो तिथेच, त्याच सूर्यास्तासमोर, जहाज उभे केले. सूर्य अर्धा बुडाला आणि पडदा काळा झाला. पुन्हा गेले. पुन्हा अर्धा सूर्य, पुन्हा काळोख. खरे सांगते, धाकट्या, मी घाबरले. यंत्राची चिंता नव्हती. समज, या वेळी तू तिथे असतास, पुन्हा तेच वाक्य सुरू केले असतेस, आणि मी पुन्हा त्याच जागी नाहीशी झाले असते. मग तू ते तिसऱ्यांदा कोणालाच सांगितले नसतेस. एवढे तुला मी ओळखते.

मी टिश्यू कागदाची एक पट्टी फाडली आणि कॅबिनेटच्या तोंडांसमोर धरत गेले. पुढे धरली, आत ओढली गेली. मागे धरली, तिथेही आत. घरात सगळ्या दारांनी पाहुणे येत होते आणि निरोप कोणालाच मिळत नव्हता. त्यातून कूलरचा पंखा तापलेली हवा मागे ढकलत होता आणि मागचा पंखा तीच त्याच्या तोंडावर परत मारत होता. दोघेही मन लावून काम करत होते, दोघेही सुरात होते, आणि मध्ये प्रोसेसर भाजून निघत होता. आत आलेले बाहेरही गेले पाहिजे, हे मी गृहीत धरायलाच विसरले होते.

उपाय उघड होता, पण तो तुझ्या भावजींच्या कानांना सोसावा लागणार होता. जाळी कापून काढता येते का पाहिले, नाही येत. मी त्यांच्यासमोर टिश्यू धरून दाखवली. त्यांनी पाहिले, स्वतःच स्क्रूड्रायव्हर घेतला, पंखा पुन्हा सरळ केला आणि तो घासणारा आवाज सुरू झाल्यावर नुसते डोळे मिटले. मी म्हटले, त्रास होणार तुम्हाला. ते म्हणाले, "होऊ दे बेसूर. धाकटा बोलत असला की मला पंखा ऐकू येणार नाही." या माणसाशी वाद का घालता येत नाही, ते मला इतक्या वर्षांनी कळले.

आता यंत्र गार आहे. काल मी पूर्ण सूर्यास्त पाहिला. सूर्य बुडाला, पाणी जांभळे झाले, तारे उगवले. हे तारे असतात हे मला माहीतच नव्हते, आपण तिथवर कधी पोचलोच नव्हतो. सुकाणूवर कोणी नसल्याने जहाज स्वतःभोवती गोल फिरत होते. शिडांचे ज्ञान असलेल्या व्यक्तीला सुकाणू धरता येतेच असे नाही. सबब, नेहमीच्या वेळी बंदरात यावे. मी तिथे असेन आणि मध्येच जाणार नाही.

तुझी,
अक्का

ता. क. पंख्यांत रंगीत दिवे आहेत आणि ते बंद कसे करायचे हे दुकानदारालाही ठाऊक नाही. आमची बैठकीची खोली सध्या आलटून पालटून हिरवी आणि गुलाबी असते. समोरच्या शेजाऱ्यांनी "काही कार्यक्रम आहे का?" असे विचारले. भावजींनी "हो" म्हणून सांगितले.

ता. क. २. पत्र पुन्हा वाचले. माझा संगणक तापत नाही एवढे त्यात सिद्ध झाले आहे. तू येशील हे कुठेही सिद्ध झालेले नाही. शिवाय ती तुला जे म्हणाली, ते संगणकातून ऐकण्यासारखे असेल असे मानायलाही मला काही कारण दिसत नाही. मग हा एवढा खटाटोप कशासाठी केला, असे विचारू नकोस. आपल्या दोघांच्या घरांमध्ये समुद्र नाही, बस आहे. शनिवारी सकाळच्या बसने मी येते. विनंती एकच: 'कशाला उगाच' असा फोन करू नकोस. मी तो उचलणार नाही.

ता. क. ३. सांगावेसे नाही वाटले तर नको सांगूस. नुसते बसू. परतीचे तिकीट मी काढलेले नाही.