अठरा लागलं की गाडी तुझी

१० नोव्हेंबर २००३, सोमवार

गाडी दारात आणि मी जीपच्या मागच्या फळीवर! एक पाय आत, एक बाहेर, मांडीवर कुणाची तरी कोंबडी. साखरशेतला उतरले तेव्हा कोंबडीने पदराची वाट लावलेली. तसाच पदर खोचून तिसरीचा वर्ग घेतला.

शाळेत खिचडी शिजवणारी पोशी माझ्याच शेजारी चेंगरलेली. म्हणाली, "बाई, तुमच्या दारात गाडी हाय ना? मंग आमच्यात कशाला लोंबता?"

काय सांगू तिला? लायसन्स पर्समध्ये आहे. मे महिन्यात नाशकात भावेशदादाकडे राहून रीतसर शिकले, पहिल्या फटक्यात पास झाले. भाऊबिजेला दादाचीच जुनी पांढरी गाडी आम्ही घेतली. मला शाळेला जायला म्हणून – निदान माझी तरी अशी समजूत होती! पण ह्यांनी अट घातली. "भावेश म्हणतो लिटरला अठराचं अ‍ॅव्हरेज आहे. आधी बघू. अठरा लागलं की गाडी तुझी. तोवर हात लावायचा नाही, नवशिक्या हाताने इंजिन बिघडतं."

स्वतः मोखाड्याच्या कचेरीत एसटीने जातात. गाडी अंगणात, तिच्यावर माझी चांगली सोलापुरी चादर. मला पांघरायला गोधडी.

१६ नोव्हेंबर, रविवार

पहिली टेस्ट. पद्धत अशी – टाकी गळ्यापर्यंत भरायची, मीटरचा आकडा हातावर लिहायचा, जव्हारहून दाभोशाला जाऊन यायचं, पुन्हा टाकी भरायची. जेवढं बसलं तेवढं गाडीने खाल्लं. भागाकार करा. चौथीचं गणित!

पण भरण्यातच सगळी गंमत. टाकीत हवा अडकते म्हणे. म्हणून पंपावर रोहिदास नळी धरून उभा आणि हे मागून गाडी हलवतायत – डावीकडे, उजवीकडे, डावीकडे. मलाही लावलं हलवायला. मागे रांग लागली. एक टेम्पोवाला वैतागून उतरला, मला वाटलं आता भांडतो. तर तोही हलवायला लागला! रोहिदास हसू दाबत म्हणाला, "साहेब, पुरे, तिला ओकारी होईल."

आलं बारा.

"तुझा भाऊ!" एवढंच म्हणाले. पण असं म्हणाले की त्यात माझं अख्खं माहेर आलं.

१७ नोव्हेंबर

एसटीडीवरून दादाला फोन केला. "अठराच्या खाली ती देतच नाही. भास्करराव क्लचवर पाय ठेवून झोपतात का?" मी निरोप जसाच्या तसा पोचवला.

२३ नोव्हेंबर, रविवार

गाडीला आता पथ्य! वजन कमी केलं की अ‍ॅव्हरेज वाढतं, असं कचेरीत कुणीतरी सांगितलं. काढलं मग एकेक – स्टेपनी, जॅक, पायपुसणी, शेवटी मागची सीट. सीट ओसरीत भिंतीला लावली आहे. शेजारच्या नेत्रावहिनी तिच्यावर बसून गेल्या, म्हणाल्या सोफा छान आहे.

मग माझ्याकडे बघत, "तुझं वजन किती गं?"

म्हटलं, "उतरते मी. जा एकटे." तेव्हा कुठे गाडी सुरू केली.

वाटेत जिवाबाबा उभा, डोक्यावर नाचणीचं गाठोडं. दाभोशाची माझी जुनी शाळा, तिथली दोन वर्षं ह्याच म्हाताऱ्याच्या घरचं ताक प्याले. आमच्या भागात माणसांसमोरून रिकामी गाडी नेत नाहीत. हात दाखवायचीही गरज नसते, गाडी थांबतेच. हे थांबले नाहीत! काच खाली करून ओरडले, "बाबा, टेस्ट चालू आहे!" आणि सुसाट. मी मान वळवून बघितलंसुद्धा नाही. लाज वाटली. खरंच लाज वाटली.

एवढं करून आलं साडेअकरा. पहिल्यापेक्षा कमी! घोडं कुठे पेंड खातंय हे मला दिसतंय. चढावर पहिल्या गिअरमध्ये इंजिनाचा आक्रोश, उतारावर ब्रेक, सपाटीला डावा पाय क्लचवर मुक्कामाला. चोक ओढलेला तो ओढलेलाच. आणि आज गाडी हलकी झाली म्हणून पळवली जास्त. हे सगळं मी सांगितलं.

"लायसन्सची शाई वाळली का तुझ्या?"

मी उतरून दार लावलं. मोठ्याने.

३० नोव्हेंबर, रविवार

आज जे झालं ते लिहिताना हसू आवरत नाही!

दाभोशाच्या अलीकडे पंक्चर. स्टेपनी घरी. जॅक घरी. हे चाकाभोवती फेऱ्या मारतायत, जसं काही चाक घाबरून फुगणार आहे. मग शेतातून आला कोण? जिवाबाबा! मागोमाग त्याचा मुलगा रघ्या, सून सकू आणि आणखी चार-पाच जण. मला वाटलं आता धरती पोटात घेईल तर बरं.

बाबा चाकाकडे बघून म्हणाला, "टेस झाली का?"

हे कसनुसं हसले. पण त्या माणसांनी मनात काही ठेवलं नाही. "धरा रं!" म्हणाले आणि गाडीच उचलली, हातांनी, पाळण्यासारखी. खाली दगड सारले. रघ्याने चाक जीपमध्ये टाकून नेलं आणि पंक्चर काढून आणलं. परत उचलताना ह्यांनाही हुक्की आली – "मी पण धरतो!" धरली. तोंडातून एक चमत्कारिक आवाज आला. "काही नाही, काही नाही," म्हणाले.

आता एवढं केल्यावर कुणाला नाही कसं म्हणणार? जव्हारला येणारे सगळे बसले. सीट नाही, म्हणून खाली भाताचा पेंढा पसरला आणि त्यावर सातजण. मी पुढे, पायाशी गाठोडं. सकूच्या मांडीत ताडीचं मडकं, काठोकाठ. बहिणीकडे लग्नबोलणी, तिथे न्यायची.

गाडी सुरू होताच सकू ओरडली, "हळू रं दादा! सांडली तर तुला भरून द्यावी लागंल!"

आणि मग काय सांगू! हे असे चालवायला लागले की बस. खड्डा आला की सातही जण एका सुरात – "हळूऽऽ!" गिअर वेळेवर, क्लचवरचा पाय खाली, ब्रेक मलमल दाबल्यासारखा. सांडला नाही एक थेंब. मी मनात म्हटलं, ह्या सकूला पगार देऊन रोज बसवायला हवं.

पंपावर आलं – चौदा! आजवरचं सगळ्यात जास्त, आणि तेही नऊ माणसांत!

ह्यांनी भागाकार पुन्हा करून बघितला. मग म्हणाले, "पेंढ्याने फरक पडतो. पेंढा गाडीतच राहू दे."

१ डिसेंबर

उसण भरली. ह्यांना कुशीवरसुद्धा वळता येत नाही. गाडीवर सोलापुरी, ह्यांच्या पाठीवर एरंडाचं पान. मी जीपला.

४ डिसेंबर, गुरुवार

आज हसायचं काही नाही. वळणावर जीप उसळली आणि मी फळीवरून सुटले. पोशीने दंड पकडला म्हणून. दोन बांगड्या फुटल्या, कोपर सोललं, खाली रस्ता सरकताना दिसला. पोशी माझ्यापेक्षा जास्त घाबरली. "बाई, आपला जीव गेला तर त्या गाडीला काय चाटायचं?"

घरी येऊन सांगितलं. हे म्हणाले, "आत बसायचं ना जरा." आत! जीपच्या आत! तिथे आत बाहेर असं काही असतं का? मोरीत जाऊन रडले. दुखलं म्हणून नाही. रागाने.

५ डिसेंबर

ह्यांचा रजेचा अर्ज आणि डॉक्टरचा कागद उद्या मोखाड्याला पोचायलाच हवा. हे म्हणाले, जीपवाल्याच्या हाती दे.

मी म्हटलं, "मी नेते. शनिवार आहे, सकाळची शाळा. तिथून जाईन. गाडीने."

"अठरा कुठे लागलंय अजून?"

"मोजत जाते की."

मोजायचं म्हटल्याबरोबर चेहरा उजळला! उशीखालून किल्ली काढली. किल्लीवर झोपले होते हे, उसण भरलेल्या पाठीने! मग अर्धा तास सूचना. टाकी कशी भरायची, कशी हलवायची, पेंढा काढायचा नाही.

६ डिसेंबर, शनिवार

आज मी चालवली. एकटीने नाही – साखरशेतहून पोशी, वाटेत जे जे उभे ते ते. मोखाड्याचा रस्ता, घाट, सगळं नीट. अर्ज पोचला.

येताना गाडीत कोणी नव्हतं म्हणून सहज मैलाचे दगड वाचत होते. जव्हार पंधरा. जव्हार बारा. मीटर बघितलं – दोनच सरकलं होतं! जव्हार नऊ – पुन्हा दोनच! गाडी कडेला घेतली आणि स्टिअरिंगवर डोकं ठेवून हसत बसले. दगड तीन म्हणतात तिथे हे मीटर दोन म्हणतं. म्हणजे खरं अंतर दीडपट; बारा नव्हेच, अठरा. पहिल्या रविवारपासून अठरा!

घरी पोचले. पलंगावरून आवाज, "किती?"

खरं सांगितलं असतं तर मीटर बदलून पुन्हा पहिल्यापासून मोजायला बसले असते.

"बारा," म्हटलं, आणि किल्ली माझ्या पर्समध्ये टाकली. "सोमवारी शाळेला मी गाडीच नेणार आहे."