टॉवेल फेकण्याच्या परवान्यासाठी

प्रति,
मा. परवाना अधिकारी,
व्यावसायिक बॉक्सिंग नियंत्रण कार्यालय,
दुसरा मजला.

विषय : दि. २६ मार्चच्या लढतीत भाच्याच्या कोपऱ्यात मदतनीस म्हणून उभे राहण्याचा परवाना मिळण्याबाबत.

संदर्भ : आपले दि. १२ फेब्रुवारीचे पत्र, ‘अर्जदार संबंधित पक्ष नसल्याने अर्ज निकाली काढण्यात येत आहे.’

महोदय,

भाच्याला यापुढे लढू देऊ नये, हा माझा मागील अर्ज आपण निकाली काढलात. आपले बरोबर असावे. मी बॉक्सर नाही, लढती भरवणारा प्रमोटर नाही. छापखान्यातून निवृत्त झालेला मुद्रितशोधक आहे, वय एकाहत्तर. परंतु पत्रासोबतच्या नियमावलीत असे वाचले की, कोपऱ्यातील परवानाधारक मदतनिसाने टॉवेल फेकल्यास लढत थांबते, आणि तीनपैकी एक मदतनीस बॉक्सरला स्वतः निवडता येतो. म्हणून हा अर्ज.

१. पाच वर्षांपूर्वी प्रमोटरांचा करार आला तेव्हा भाचा म्हणाला, “मामा, तुम्ही एवढं वाचता, तुम्हीच बघा.” कलम चौदा असे होते : इजेमुळे जितके दिवस लढता येणार नाही, तितके दिवस करार पुढे वाढेल. मी समासात पेन्सिलीने बारीक प्रश्नचिन्ह केले. प्रमोटर हसून म्हणाले, “आजोबा, हे काही तुमचं पुस्तक नाही.” मी ते खोडरबराने पुसले. भाच्याने सही केली. तीन वर्षांचा तो करार अजून संपलेला नाही.

२. पहिल्या अकरा लढती तो जिंकला, कारण समोरचे सगळे नवखे, प्रमोटरांनीच निवडलेले. मग त्याने आपला वाटा वाढवून मागितला. तेव्हापासून लढतीचा निरोप जेमतेम तीन आठवडे आधी येतो आणि समोर त्यांचा नवा, ताजा बॉक्सर असतो. मानधनातून सराव, हॉटेल, डॉक्टर वजा होतात. डॉक्टर प्रमोटरांचे, कोपऱ्यातले तिघेही त्यांच्याच पगारावर. टॉवेल फेकणार कोण?

३. मागच्या लढतीत सहाव्या फेरीनंतर भाचा समोरच्याच्या कोपऱ्यात जाऊन बसला. लोक हसले. त्याला दंडाला धरून आणले, तोंडावर पाणी मारले आणि सातव्या फेरीला उभे केले. हल्ली तो चहात तीनदा साखर घालतो. सांगितले तर म्हणतो, “गोडच आवडतो मला.”

४. अनुभवाच्या रकान्यात ‘नाही’ लिहिले आहे. तरी घरी सराव चालू आहे. कोरडा टॉवेल हवेत उघडतो आणि पायाशी पडतो. ओला, पिळून गुंडाळलेला, दारापासून पुस्तकांच्या कपाटापर्यंत जातो. मला चारचौघांत बोलता येत नाही, पण याला आवाज लागत नाही.

५. लपवणे बरे नव्हे म्हणून लिहितो. संमतीपत्रावर सही करताना भाच्याने बजावले, “पाणी द्यायला या, मामा, पण टॉवेलला हात लावायचा नाही. घ्या शपथ.” मी घेतली. ती मी मोडणार आहे. त्यानंतर तो माझ्याशी बोलणार नाही. रुसून बसण्याइतका तो शाबूत राहावा, एवढ्यासाठीच परवाना मागत आहे.

आपला नम्र अर्जदार,
(सही)
बॉक्सरचा मामा
दिनांक : ९ मार्च

सोबत :
१. भाच्याचे संमतीपत्र.
२. माझ्या वयाचा व दृष्टीचा दाखला.
३. कराराच्या कलम चौदाची प्रत. समासातील खूण पुन्हा केली आहे. या वेळी शाईने.