उत्तरेच्या भिंतीचा बर्फ

१४ जानेवारी, मंगळवार

घर तापवणारी भट्टी पुन्हा बंद! नाक गार पडलं म्हणून पहाटे जाग आली. बाहेर उणे अडतीस, घरात अकरा. तळघरात उतरले, बटण बंद करून परत चालू केलं. घुंघुं केलं, टक् वाजलं आणि गप्प. लाल दिवा तीनदा लुकलुकतो, थांबतो, परत तीनदा. शिव्या घातल्या तिला. युक्रेनियनमधून. इंग्रजीत तेवढा जोर येत नाही.

रोमनला कळवायचं नव्हतं. पण नेमका त्याचाच फोन. "आई, दात का वाजतायत तुझे?" लपवणार काय, कप्पाळ!

"आपलं काय ठरलं होतं?" म्हणाला. ठरलं होतं हे खरं. मागच्या वर्षी छप्पर केलं तेव्हा मीच बोलून बसले — आता या घराचं आणखी एखादं मोठं काम निघालं तर घर विकीन आणि सॅस्कटून शहरात तुझ्या शेजारच्या फ्लॅटमध्ये येईन. तेव्हा वाटलं, आता काय निघायचं राहिलंय! बेचाळीस वर्षं झाली मला या घरात. नवरा, वासिल, इथेच गेला, त्याला आता दोन वर्षं होतील.

उद्या भट्टीवाला येतोय. रोमननेच सांगून ठेवलाय.

१५ जानेवारी

आला. तरणा, गुळगुळीत दाढीचा. बूट न काढता खाली गेला. दहा मिनिटांत वर. "काकू, आतल्या लोखंडी पेटीला तडा गेलाय. जाळ त्या पेटीतून जातो. दुरुस्तीत राम नाही. नवी घ्या."

"केवढ्याला?"

"नऊ हजार डॉलर. बसवून."

नऊ हजार! मी खुर्चीत बसले. त्याने काहीतरी खुडबुड करून ती चालू केली आणि म्हणाला, "सध्या चालवा. पण आठवड्याच्या आत ठरवा." मी कोबीच्या पानात भात भरून केलेले गुंडाळे गरम करून पुढे ठेवले होते. खाल्ले नाहीत त्याने. नजरही वर केली नाही. आमच्या गावात जेवण नाकारणारा माणूस मी पहिल्यांदा बघितला.

तो गेल्यावर घरभर फिरले. प्रत्येक खोलीत उगाच दिवा लावला, मालवला. रडू आलं. या वयात घर सोडायचं म्हणजे कातडं सोलून ठेवण्यासारखं.

संध्याकाळी भट्टी पुन्हा गार.

१६ जानेवारी

स्वयंपाकघरात विजेचा छोटा हीटर, अंगावर तीन गोधड्या. नळ बारीक सोडून ठेवलेत, पाणी गोठलं तर पाइप फुटतील. नऊ हजार, नऊ हजार. डोक्यात दुसरं काही नाही.

चर्चमधल्या अ‍ॅनाला फोन केला. ती फटकळ आहे पण शहाणी. "डॉक्टरने पाय कापायचा म्हटलं तर दुसऱ्याला दाखवत नाहीस? नोरीनला बोलाव." नोरीन म्हणजे पलीकडच्या गावची बाई, तीस वर्षं भट्ट्याच दुरुस्त करते. फोनवर ती पहिलं वाक्य बोलली ते हे — "पाहणीचे एकशेवीस घेते, काही निघो न निघो. चालेल?" चालेल म्हटलं. पहिल्याला मी हेही विचारलं नव्हतं.

१७ जानेवारी, शुक्रवार

आज जे बघितलं ते लिहून ठेवलंच पाहिजे.

नोरीन आली. साठीची, बुटकी, गुडघे कुरकुरतात. बूट दारात काढले. खाली जाऊन आधी काही खोललंच नाही. भट्टीच्या पत्र्याला कान लावून उभी राहिली, डोळे मिटून. मी श्वास रोखून बघत होते. मग म्हणाली, "त्याने तडा दाखवला?"

"नाही."

"फोटो?"

"नाही."

"भट्टी चालू ठेवून गेला?"

"हो, म्हणाला चालवा सध्या."

ती हसली. "मग तडा नाही, बाई. खरा तडा सापडला की आम्ही गॅस तोडतो आणि लाल चिठ्ठी लावतो. त्या तड्यातून विषारी वायू घरात येऊ शकतो. तडा बघूनही चालू ठेवणारा एकतर खुनी, नाहीतर खोटारडा."

मग बारीक कॅमेरा आत घालून मला पेटीचा कोपरान् कोपरा दाखवला. धड होती. "चौदा वर्षांची आहे. दुरुस्ती नवीच्या निम्म्यावर गेली तरच नवीचा विचार करायचा. हिचं तसं काही नाही." जाळी झाडली, जाळ ओळखणारी काडी पुसली. "यालाच लोक चारशे घेतात," म्हणाली. तरीही लाल दिवा तीनदा.

"हिला श्वास मिळत नाहीये. बाहेरच्या नळ्या कुठे आहेत?"

मला माहीत नव्हतं. चौदा वर्षं! घराला वळसा घालून गेलो तर उत्तरेच्या भिंतीला कंबरभर बर्फ. नोरीन माझ्याकडे बघत राहिली.

मीच लावला होता. रविवारी, फावड्याने, थापून थापून. सासऱ्यांनी शिकवलेलं — थंडी आली की भिंतीला बर्फाचं पांघरूण घालायचं, वारा आत येत नाही. त्यांच्या काळी भट्टी छपरावरच्या धुराड्यातून श्वास सोडायची. ही भिंतीतल्या नळ्यांतून घेते-सोडते. हे काम नेहमी वासिल करायचा. तो नळ्यांपुढे जागा सोडत असणार. मला कधी म्हणाला नाही, मी कधी विचारलं नाही. गेल्या हिवाळ्यात भिंतीला लावण्याइतका बर्फच पडला नव्हता.

नोरीनने हाताने उकरलं. दोन पांढऱ्या नळ्या, मनगटाएवढ्या. त्यांच्या तोंडाशी बर्फाचे गड्डे.

"मग ती बंद का पडायची?" मी विचारलं.

"श्वास कोंडला की ती गॅस उघडतच नाही. आत एक एवढीशी कळ आहे, ती अडवते. तशीच पेटली असती तर धूर घरात भरला असता. तू झोपेतून उठली नसतीस, बाई."

मी तिथेच उभी राहिले, उणे छत्तीसमध्ये. मी तिला शिव्या घालत होते आणि ती मला जिवंत ठेवत होती.

खाली आल्यावर नोरीनने पत्र्यातली काचेची टिकली दाखवली. "बघ." वाकून बघितलं. निळ्या जाळाच्या चार जिभा, सरळ, शांत. इतकी वर्षं मी या जाळावर झोपले, नवऱ्याचं दुखणं काढलं, आणि एकदाही खाली वाकून बघितलं नाही. काय म्हणू मी याला! हात आपोआप छातीवर क्रूस काढून गेला. नोरीनने गुंडाळे खाल्ले, दोनदा मागून.

१८ जानेवारी

घरात एकवीस अंश. तीनदा खाली जाऊन जाळ बघून आले. वेडी म्हणतील.

१९ जानेवारी, रविवार

रोमनला फोन केला. "तडाबिडा काही नाही! नोरीनने कॅमेऱ्याने दाखवलं. एकशेवीस डॉलरांत काम. घर राहिलं माझं." बर्फाचं मात्र बोलले नाही. बोलले असते तर लगेच म्हणाला असता, बघ, तुला एकटीला जमत नाही.

तो म्हणाला, "बरं झालं, आई." आवाज पडलेला. नऊ हजार वाचले तरी याचं तोंड वाकडं! मी फोन ठेवला.

२१ जानेवारी

रोमन आला. साडेतीन तास गाडी हाकत, न कळवता. टोपीही काढली नाही. "तडा आहे असं सांग, हे त्या माणसाला मीच म्हणालो होतो. तू दुसऱ्या कशाने हलली नसतीस." आणि रडायला लागला, एवढा पन्नाशीचा बाप्या. मग मीही सांगितलं — नळ्या मीच बुजवल्या होत्या. खालून भट्टी सुरू झाल्याचा आवाज आला. मी विचारलं, तुझ्या शेजारच्या त्या फ्लॅटमध्ये ऊब कुठून येते? म्हणाला, "माहीत नाही, आई. विचारून सांगतो."

"विचार," म्हटलं.