कचऱ्याची इंजिनीर

दहिवडी (माण), ता. ३ जुलै १९९६

चि. आम्रपालीस,
आजीचे अ. उ. आ. वि. वि.

तुजं कार्ड मिळालं. पोस्टमन म्हनला वाचून दावतो, म्या म्हनलं दे हिकडं. साक्षरतेच्या वर्गात दोन वरसं बोटं काळी केली ती काय उगीच? जुळवून जुळवून वाचलं. इंजिनीर झालीस, आन लगोलग नोकरीबी! म्या विहारात साखर वाटली. मागं शेळी यालेली तवा बी वाटली व्हती, तवा निम्म्या बाया आल्याच न्हाईत. आवंदा समद्यांनी हात पसरला, त्या टोकाच्या बनुबाईनं तर दोनदा.

अंबूबाई इचारत व्हती, कारखान्यात काय हुतं, साखर का सूत? म्या म्हनलं, माजी नात करील ते हुतं. पन खरं काय ते लिव. आन बाप काय म्हनला ते बी लिव. धनाजीचं साताऱ्यावरनं एक अक्षर न्हाई. येवढी गोड बातमी आन मास्तर गप, आनंदानं घसा बसला का काय त्याचा?

माजे गुडघे हायत तसेच हायत. शेळीला बरं हाय. जीव लावतीस तसा लावीत ऱ्हा.

तुजी आजी
पारूबाई


सांगली, ता. ११ जुलै १९९६

ती. आजीस,
सविनय जय भीम वि. वि.

तुझं पत्र खोलीवरच्या मुलींना दाखवलं. म्हणाल्या, तुझी आजी ओळीवर चालत नाही, उड्या मारते. 

विचारलंस म्हणून सरळ लिहिते. कारखाना मिरज रस्त्याला आहे. बागांमधल्या ठिबकच्या जुन्या नळ्या, फुटके क्रेट, दुधाच्या पिशव्या, गावोगावचं प्लास्टिकचं भंगार तिथं येतं. ते धुऊन, दळून, वितळवून त्याचे दाणे करतात आणि दाण्यांचे नवे पाइप. मालक नाथाजीराव तासगावचे बागायतदार. कॉलेजातल्या सरांनी शेवटच्या वर्षाचा प्रकल्प मला तिथं करायला लावला. सर म्हणतात, हे शास्त्र शिकलेली माणसं पुढं सगळ्या जगाला लागणार आहेत, आणि आज आपल्या जिल्ह्यात शोधून सापडत नाहीत. माझं मन तिथं लागतं, आजी. पण लोकांच्या भाषेत सांगायचं तर काम कचऱ्याचं.

अण्णांना कळवलं तेव्हा त्यांचं एका ओळीचं कार्ड आलं: याच्यासाठी शिकवलं का? त्यानंतर काही नाही. एक सप्टेंबरला रुजू व्हायचं आहे. अण्णांचं मन मोडून मला जायचं नाही, आणि ते ऐकतील तर फक्त तुझं. तू नको म्हणालीस तर मी जाणार नाही.

गुडघ्यांना तेल लावतेस ना? माया आहेच, ती कमी होऊ देऊ नकोस.

तुझी
आम्रपाली


सातारा, ता. २० जुलै १९९६

ती. आईस,
सविनय जय भीम वि. वि.

गुडघ्यांचे औषध गावाकडे येणाऱ्या राजरत्नबरोबर पाठवले आहे. जेवणानंतर घेणे.

आम्रपालीने तुला लिहिले असेलच. सत्तावन्न सालचा उन्हाळा मी तुला सांगायला नको. वडिलांनी मेलेला बैल ओढायला नकार दिला आणि गावाने आपल्याला विहीर बंद केली, गिरणी बंद केली. मी आठ वर्षांचा होतो. ओढ्यातले गढूळ पाणी मीच डोक्यावरून आणत होतो. माझी धाकटी बहीण मनू त्याच पाण्याने गेली. गावाची घाण आपल्या हातांनी उचलायची नाही, याची एवढी किंमत आपण दिली. आता माझी मुलगी पदवी घेऊन तीच घाण उचलायला निघाली आहे. सरकारी परीक्षेला बस म्हणून आधीपासून सांगत होतो, तिने अर्जही भरला नाही.

तिला नको म्हणून लिही. तुझ्या शब्दाबाहेर ती जाणार नाही. बाकी ठीक. तब्येतीस जपावे, मुलावर लोभ असू द्यावा.

तुझा
धनाजी


दहिवडी, ता. १२ ऑगस्ट १९९६

चि. आम्रपालीस,
अ. उ. आ. वि. वि.

परवा तुज्यासंगं कारखाना बघितला आन यष्टीत बसताना तुला काय बी बोलले न्हाई. तू खिडकीखाली उभी ऱ्हाऊन माज्या तोंडाकडं बघत व्हतीस. बोलले असते तर रडले असते, आन शेजारची बाई मांडीवर कोंबडी घिऊन बसल्याली, तिच्याम्होरं कोन रडंल!

आदी बापाचं. तुला नको म्हून लिव, असं त्याचं पत्र आलंय मला. धनाजी खोटं बोलत न्हाई. मनू गेली ती माज्याच मांडीवर. पन बैल आमी घान म्हून सोडला न्हाई. मेलेलं जनावर कुनीतरी उचलायाच पाहिजे, न्हाईतर गाव सडंल. ते आमच्याच दाराशी का, ह्या घरात जन्मलो म्हून का, येवढंच तुज्या आज्ज्यानं इचारलं. तुला तर कुनी दारात यिऊन हाक मारली न्हाई. तू शिकलीस, आपल्या पायानं गेलीस, खुर्चीवर बसून पगार घ्यायचा म्हनतीस. म्हून 'जा' म्हनायच्या तयारीनंच आले व्हते. नवं लुगडं उगीच नेसले न्हाई.

तू मला मशीन दावीत व्हतीस, कसं दळतं, दाना कसा पडतो. दाना लय गोजिरा, साबुदान्यावानी. पन म्या शेडातल्या बायांकडं बघत व्हते. भुईवर बसल्याल्या, पुढं ढीग, मधी रॉकेलची चिमनी. तुकडा चिमनीवर धरायचा, धूर नाकात वढायचा आन वासावरनं सांगायचं, ह्यो कोनचा माल. त्यातली दगडाबाई आपल्या माणातली. खोकल्याबिगर तिचं वाक्य पुरं हुईना. मला म्हनली, आवं मावशी, मॅडम तुमची नात व्हय? मग इचारा की तिला, तिच्या बुकात आमच्या नाकाचं काय लिवलंय? आन हसली. म्या इचारलं, बाया कुठल्या कुठल्या. समद्या आपल्याच वस्त्यांतल्या निघाल्या, बाळा. हितं दुसरं कोन बसतंय, म्हनली.

म्हंजी बैल तेवढा बदलला. वढनारी तीच.

म्या नको म्हनत न्हाई. जा बी म्हनत न्हाई. त्या चिमनीचं तू काय करतीस ते आदी मला सांग. इंजिनीर हायस ना? तवर बापाला बी उत्तर देनार न्हाई, बसू दे वाट बघत.

वांग्याची भाजी केली व्हतीस ती झ्याक व्हती, मीठ कमी. रागावले न्हाई. माया हाय म्हून लिवते.

तुजी आजी
पारूबाई


सांगली, ता. २० ऑक्टोबर १९९६

ती. आजीस,
सविनय जय भीम वि. वि.

तुझं पत्र वाचून लगेच लिहायला बसले आणि कागद फाडला. प्रकल्पाच्या दिवसांत मी रोज दगडाबाईंच्या शेजारून जात होते आणि मला मशीनच दिसत होतं.

एक सप्टेंबरला मी रुजू झाले नाही. नाथाजीरावांकडे गेले, कॉलेजातून आणलेल्या काचेच्या बरण्या त्यांच्या टेबलावर मांडल्या. काही प्लास्टिक पाण्यावर तरंगतं, काही बुडतं. बुडालेल्यातलं काही मिठाच्या पाण्यात वर येतं. मोठा हौद बांधला तर बराचसा माल पाणीच निवडून देईल, धूर हुंगायला नको. ते म्हणाले, वास फुकट येतो, हौदाला सिमेंट लागतं. मी म्हटलं, मग मी येत नाही. त्यांनी दुसऱ्या एका मुलाला घेतलं. मी पंधरवडा नुसती भिंतीकडे बघत होते. वाटलं, नोकरीही गेली आणि चिमणीही तशीच राहिली. तो मुलगा टिकला नाही, तेव्हा हौदाची अट मान्य करून मला बोलावणं आलं.

हौदाला खरा विरोध दगडाबाईंनी केला. म्हणाल्या, पाणी निवडायला लागलं की आमाला वाटंला लावाल. म्हणून आधी मालकांकडून बायकांना कामावर कायम करून घेतलं, मग हौद बांधला. आता हौद त्याच चालवतात. हातमोजे आले. चिमणी गेली.

पण आजी, तिथं आपल्याच बायका बसतात, ते मला बदलता आलं नाही. गेटवर पाटी लावली, कामाला कुणीही यावं. आल्या त्या पुन्हा आपल्याच. मला अर्धंच जमलं. अर्ध्यावर हो म्हणशील का?

तुझ्या शब्दाची वाट पाहणारी,
आम्रपाली


सातारा, ता. १९ नोव्हेंबर १९९६

चि. आम्रपालीस,
अ. उ. आ. वि. वि.

म्या साताऱ्याला आलीय, डोळे दावायला. मोतीबिंदू पिकला न्हाई म्हनत्यात. पिकायला त्यो काय आंबा हाय?

अर्ध्यावर हो. पुऱ्याची वाट बघत बसलो असतो तर तुज्या बापाला शाळा दिसली नसती. ऱ्हायलेलं अर्धं ध्यानात ठेव म्हंजी झालं.

तुजं पत्र म्या धनाजीला मोठ्यांदा वाचून दावलं. त्यानं मधी दोनदा चश्मा पुसला. मग चपला घालून भाईर गेला. दुसऱ्या दिशी तुजी आई न्हानीतली बादली हुडकीत व्हती. बादली मास्तरांनी शाळंत नेल्याली! शेजारची पूजा त्याच्याच वर्गात हाय, तिनं मला समदं सांगितलं. पोरांकडनं पाइपाचा तुकडा, दुधाची पिशवी, पेनाची कांडी, असलं मागिवलं आन पान्यात टाकलं. पिशवी वर, पाइप खाली, कांडी खाली. मग मिठाचा पुडा वतला आन काठीनं ढवळलं. कांडी वर आली. पोरं वरडली. एक पोरगी उठून म्हनली, सर, हे शिकून मानूस काय हुतं? पूजा म्हनती, सरांनी काठी बादलीला टेकवून ठिवली. मग म्हनले, कचरा निवडायचं शास्त्र आहे हे, माझी मुलगी सांगलीत हेच काम करते. आन फळा पुसायला लागले. फळ्यावर काय सुदिक लिवल्यालं नव्हतं.

आयतवारच्या सकाळच्या यष्टीनं त्यो सांगलीला येतोय. तिला कळवू नगं म्हनलाय, म्हून कळवते. आला की रडू नगं, आन मागचं काय बी काढू नगं. येताना कडक इस्त्रीचा सदरा घालून यील. त्याला हौदापाशी ने आन तू बाजूला उभी ऱ्हा. बाह्या वर करायला त्याला येळ लागंल. लागू दे. हौदात हात त्याचा त्यालाच घालू दे.

म्हातारीची माया पुरवून पुरवून वापर.

तुजी आजी
पारूबाई