तेरड्याचा वाफा आणि तुळजाबाईची बकरी

आषाढ शुद्ध ३, शके १६८८
यंदा आमच्या घरी पहिल्यांदाच गौरी बसणार. मथुरेला सांगितलं, त्या आपल्याच परसातल्या तेरड्याच्या असतील. विकत काही आणायचं नाही. पर्वतीच्या उतारावर रोपं फुकट उगवतात. परसातली माती तेवढी चिकण. भिजली की पायाला चिकटून वर येते, वाळली की भेगेत काठी जाते. मथुरा म्हणाली, "अहो, उतारावर पाणी वाहून जातं." मी हसलो.

आषाढ शुद्ध ५
तेरडा आणला. सोबत कुर्डू आणि थोडी सोनकी. नदीची वाळू, पाचोळा, शेणखत घालून वाफा उंच करण्याचा बेत होता. पण वाळू फार जड असते. शिवाय रानफुलांचे लाड करू नयेत. ओल्या मातीतच लावली आणि पायाने घट्ट दाबली.

आषाढ शुद्ध ११
वाफ्यात पाणी साचलंय. दिसतं छान. चर खणायला हवा. पण आज एकादशी, उपासाला कुदळ नको.

आषाढ वद्य २
पानं पिवळी. बहुधा फुलं यायची खूण. चर उद्या नक्की.

आषाढ वद्य ६
सगळी रोपं आडवी! आणि वाफ्यात शेजारच्या तुळजाबाईची बकरी उभी. चोर सापडला. कुंपणावरून खणखणीत बोललो. मी सरकारी दफ्तरातला कारकून आहे, हेही सांगितलं. कोतवालाचं नाव घेतलं. तुळजाबाई घाबरली. म्हणाली, "पंत, पुन्यांदा न्हाई व्हायचं." फार बरं वाटलं.

आषाढ वद्य ८
तिने बकरी भावाकडे येरवड्याला धाडली. मी धाड म्हटलं नव्हतं. फक्त कोतवाल म्हटलं होतं.

आषाढ वद्य १०
आज एक रोप उपटून पाहिलं. मूळ काळं, कुजलेलं. दुसरं, तिसरं, तेच. पानांवर दाताची एकही खूण नाही. मागे मथुरा उभी होती. म्हटलं, बकरीच्या धास्तीनेही रोप मरत असेल. तिने ती तिन्ही रोपं उचलून उकिरड्यावर टाकली. बोलली असती तर बरं झालं असतं.

श्रावण शुद्ध १
तुळजाबाईची लेक बाळंत होऊन महिना झाला. अंगावरचं दूध पुरत नाही. तान्हं बकरीच्या दुधावर होतं, हे मला आज कळलं. दुपारभर ते रडत होतं. दफ्तरातून उशिरा यायचं ठरवलं, म्हणजे ऐकू येणार नाही. मग लाज वाटली. उद्या जाऊन खरं सांगणार.

श्रावण शुद्ध ४
गेलो नाही. तुळजाबाई कामात असेल. जेवायला दही नव्हतं. कुरकुर केली. मथुरा म्हणाली, "आपलं दूध पलीकडे जातंय. बकरी गेली त्या दिवसापासून." भात कोरडाच राहिला. पण संपवला.

श्रावण वद्य २
धीर करून येरवड्याला गेलो. बकरीला नावेत घातलं. अख्ख्या नदीभर ती ओरडली, आणि नावेतली माणसं मला चोर समजून बघत राहिली. एवढं सोसलंच आहे तर कबुलीही देऊन टाकू, असं ठरवून तुळजाबाईच्या दारात उभा राहिलो. तिने पायच धरले. "एवढं नुकसान होऊनबी लेकरासाठी आणलीत, देवमाणूस हाय!" अशा वेळी तिचा आनंद मोडणं बरं नव्हे. तसाच परतलो. संध्याकाळपर्यंत पेठेत माझ्या मोठ्या मनाची गोष्ट झाली होती.

भाद्रपद शुद्ध ८
काल गौरी बसल्या. तेरडा तुळजाबाईने डोंगरावरून आणून दिला, भरपाई म्हणून. आज जेवायला पाहुण्यांची पंगत. अंगणातून ती सगळ्यांना सांगत होती, "पंतांची बाग माझ्या बकरीनं खाल्ली, तरी राग धरला न्हाई." पाहुणे वाहवा करू लागले. मथुरा तुपाचं भांडं घेऊन माझ्या पानापुढे थांबली. वाढेना. नुसती बघत राहिली. मी सांगणारच होतो. पण तोंडात पुरणपोळीचा घास होता, आणि भरल्या तोंडाने बोलू नये. घास मी पुष्कळ वेळ चावला.

मथुरा तूप न वाढताच पुढच्या पानाकडे गेली.