कूलरसमोर ठेवलेला कॉम्प्युटर

३ जून
काल दुपारी अख्ख्या सोसायटीची लाइट गेली. चार तासांनी आली, गेली, पुन्हा आली. तेव्हापासून ह्यांचा कॉम्प्युटर सात-आठ मिनिटं चालतो, तापतो, आपोआप बंद होतो. यादी उघडेपर्यंत वेळ संपतो.
यादी म्हणजे ह्यांनी वाचलेली पुस्तकं, प्रत्येकापुढे एक ओळ मत. हे गेल्यापासून मी त्याच क्रमाने वाचते. आधी पुस्तक, मग ह्यांची ओळ. दोन वर्षांत ११४ झाली.

४ जून
स्क्रू काढून झाकण उघडलं. आत बोटभर धूळ. ब्रशने काढली. आतला छोटा पंखा बोटाने फिरतो, विजेवर नाही. मग डोकं चालवलं. कूलर ओढून आणला, पाणी भरलं, समोर लावला. पंधरा मिनिटं चालला! ११५ ची ओळ: "लेखक हुशार, पण सारखं तेच सांगतो." मला आवडलं होतं ते पुस्तक. भांडण झालं असतं.

५ जून
आज सुरूच होत नाही. नीताला फरीदाबादला फोन.
"आई, कूलर? पाण्याचा? कमाल आहेस यार."
"उन्हाळ्यात सगळं घर त्याच्यासमोरच बसतं."
"घर बसतं. मशीन नाही!"
हसली पोरगी. बऱ्याच दिवसांनी.

७ जून
दोन दिवस उघडाच वाळत ठेवला. आज मिस्त्री आला.
"माताजी, इसमें पानी किसने मारा?"
"पानी नहीं, हवा मारी."
"हवा गीली थी."
चालू झाला, नशीब. पंखा मात्र जळालाय, लाइट परत येतानाच्या झटक्याने. त्या मापाचा आता सहज मिळत नाही, शोधतो म्हणाला. तोवर कमीत कमी लावा. "बोर्ड गया तो मैं भी कुछ नहीं कर पाऊँगा."

८ जून, रवि.
नीता आली, यादी पेनड्राइव्हवर घेतली. तिच्या लॅपटॉपवर उघडली तर नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. ह्यांचा मराठी फॉन्ट जुना, फक्त ह्याच मशीनवर. तो शोधेपर्यंत मशीन बंद पडलं.
"पुढच्या रविवारी बघू. तोवर लावायचा नाही, आई."
अच्छा म्हटलं.

११ जून
लावला.
मिस्त्रीचा पत्ता नाही. रविवारच्या आत बोर्ड गेला तर उरलेल्या ओळी गेल्या, हेच डोक्यात. म्हटलं, क्रम राहू दे, जमतील तेवढ्या वहीत उतरवून घेऊ. पेन घेऊन बसले. शेवटापासून सुरुवात केली. का, ते सांगता येणार नाही.
१६३. पुस्तकाचं नाव आहे. पुढे काही नाही.
हॉस्पिटलच्या पिशवीतून घरी परत आलेलं ते हेच.
एकही ओळ उतरवली नाही. मशीन स्वतःहून बंद पडायच्या आत मीच बंद केलं. पुस्तक कपाटातून काढलंय. पान अठ्ठ्याण्णववर औषधाच्या चिठ्ठीची घडी.
११६ वं निम्मं वाचून व्हायचंय. आधी कुठलं वाचायचं, अजून ठरत नाही.