बेटावरची सोयरीक

तीर्थस्वरूप मावशीस,

तुझ्या भाच्याचा वाकून नमस्कार. (वडिलांकडून मोजलं तर तू माझी चुलतआत्या लागतेस आणि आजीकडून मोजलं तर मामेबहीण; पण मावशी म्हटलं की तू पत्राला उत्तर देतेस, म्हणून मावशी.) तुझे गुडघे कसे आहेत? माझी तब्येत ठणठणीत आहे, आणि इतक्या वाईट दिवसांतही ती ठणठणीत राहते याचाच मला राग येतो.

तू लग्न करून बेट सोडलंस तेव्हापासून इथे फारसं काही बदललेलं नाही. माझं केस कापायचं दुकान अजून धक्क्यासमोरच आहे. खुर्चीत कुणीही बसो, डोक्यावर तेच दोन भोवरे आणि डावा कान तसाच जरा पुढे आलेला. दोन भोवरेवाल्याची दोन लग्नं होतात म्हणे. इथे एकाची मारामार. गेल्या वर्षी बोटीने एक डॉक्टरीणबाई आल्या. बेटावर इतक्या जणांची नजर लहानपणीच का जाते हे त्यांना शोधायचं होतं. शाळेत टेबल मांडून त्यांनी सगळ्यांचं रक्त घेतलं आणि यंदा परत येऊन फळ्यावर आमचा वंशवृक्ष काढला. वृक्ष कसला, रफू केलेला मोजा. चार जोडप्यांनी बेट वसवलं, त्यांची मुलं एकमेकांत, नातवंडं एकमेकांत. प्रत्येक रेघ फिरून पुन्हा घरी. बाईंनी समजावलं की डोळ्यांचा हा दोष त्या आठ जणांपैकीच कुणीतरी आणला. एकाच बाजूने आला तर माणसाला कळतही नाही; आई आणि बाप दोघांकडून आला तर दृष्टी जाते. बाहेरच्या जगात असा दोष असलेली दोन माणसं एकत्र येणं दुर्मिळ. इथे न येणं दुर्मिळ.

त्यानंतर आमची अब्रू गेली ती अशी. पणजोबांच्या काळात एक जहाज खडकावर फुटलं होतं आणि त्यातला एक खलाशी हिवाळाभर बेटावर राहिला होता, हे तुला ठाऊक आहेच. त्याचं नाव कुणी आपल्या आजीशी जोडलं तर पूर्वी हाणामाऱ्या व्हायच्या. आता उलटंच सुरू झालं. म्हातारे दाढीला बसले की आपण होऊन विचारू लागले, माझं नाक जरा परकं नाही का वाटत? शाळामास्तरांनी तर भर सभेत आपल्या आजीवर नाही नाही ते आळ घेतले (बिचारी दिवसभर जाळी विणायची, तिला सवड कुठली). प्रत्येक घराचं म्हणणं, तो आमच्याकडेच राहायचा. बाईंनी सगळ्यांचं शांतपणे ऐकून घेतलं आणि मग अगदी हळू आवाजात सांगितलं की बाहेरच्या रक्ताचा कुणातही मागमूस नाही. म्हणजे खलाशी सज्जन निघाला. त्याच्या सज्जनपणाची फळं आम्ही आजवर भोगतोय.

आता माझं. बेकरीवालीचं आणि माझं लग्न ठरलं होतं, हे मी तुला कळवलं होतं. बाईंनी आम्हा दोघांना एकत्रच बोलावलं. दोष दोघांतही आहे; प्रत्येक मुलाच्या वेळी चारात एक धोका. लग्न करू नका असं त्या म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या असत्या तर निदान त्यांच्यावर चिडता आलं असतं. मी आधी पाव खाणं सोडलं, म्हणजे तिच्या दारात जायला नको. त्याने फक्त अशक्तपणा आला. शेवटी एका सकाळी हे लग्न मोडू या असं सांगायला बेकरीत गेलो. तिचा धाकटा भाऊ कणीक मळत होता. त्याची नजर पूर्ण गेलीये, पण भट्टीचा तो राजा आहे. पाव झाला की नाही हे वासावरून सांगतो. आम्ही दोघं कुजबुजत होतो आणि तो ऐकत होता.

"मी जन्मलो याचं तुम्हाला एवढं वाईट वाटतं," तो म्हणाला, "हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं."

मी कात्री हरवल्यासारखा उभा. ती मात्र त्याच्याजवळ गेली.

"तुझं वाईट नाही वाटत रे," ती म्हणाली. "तू लहानपणी अंगणातल्या अंगणात हरवायचास आणि मला हाका मारायचास. मी दर वेळी यायचे. पुन्हा कुणाच्या तशा हाका ऐकायची माझ्यात ताकद नाही."

भावाने पाव काढले आणि त्यातला एक माझ्या हातात दिला. तो मी तिथेच, उभ्याउभ्या, रडत खाल्ला. (फार छान झाला होता. हेही सांगायला नको होतं.)

तर ती येत्या बोटीने तुमच्या शहरात येतेय. तिथल्या एका बेकरीत तिला काम मिळालंय. भाऊ इथेच राहणार. सकाळी मी त्याच्या हाताखाली काम शिकतो. माझे पाव माशांनीही खाल्ले नाहीत.

तुझ्या यजमानांना नमस्कार सांग. ते बेटाबाहेरचे असल्याने माझ्याशी त्यांचं एकच नातं आहे, याचा मला हेवा वाटतो.

तुझाच,
सर्व बाजूंनी भाचा

ता. क. : ती तुझ्याकडेच उतरेल. तिला मागची खोली दे आणि तिच्यासाठी एखादं चांगलं स्थळ बघ. माणूस बाहेरचा असावा, निर्व्यसनी असावा, तिला हसवणारा असावा. त्यांच्या मुलांना सगळं नीट दिसेल. पत्र लिहिण्याचं खरं कारण हेच.

ता. क. दुसरा : स्थळ फार कसून शोधू नकोस. हसवणारा तर मुळीच बघू नकोस.